निकोडेमसची पहिली शाळा : जमिनीच्या पोटात भरलेला वर्ग

पाटीपेन्सिल

गेल्या जुलैत आम्ही मायलेकी विचिटाहून निकोडेमसला जाऊन आलो, तेव्हापासून या गावाच्या शाळेविषयी सविस्तर लिहायचे मनात होते. निकोडेमस हे कॅन्सस राज्याच्या वायव्य भागातले, सॉलोमन नदीकाठचे अगदी छोटे गाव आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी १८७७ मध्ये ते वसवले. मिसिसिपीच्या पश्चिमेला त्या काळात अशा ज्या वस्त्या झाल्या, त्यांतल्या बहुतेक नाहीशा झाल्या. ही मात्र आजही नांदती आहे. १९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने (तिथल्या संसदेने) गावातल्या पाच वास्तूंना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला असून त्यांत दोन चर्च, टाउनशिपचे सभागृह, एक जुने हॉटेल आणि एक शाळा आहे.

ही शाळा पाहायला गेलो तेव्हा माझी अशी समजूत होती की आपण गावाची पहिली शाळा पाहणार आहोत. प्रत्यक्षात आज उभी असलेली इमारत १९१८ ची आहे. तिच्या आधी एक मोठी, चार खोल्यांची शाळा होती, त्याच्याही आधी शाळा हॉटेलात भरत होती आणि सर्वांत आधी, पहिल्या हिवाळ्यात, ती जेनी स्मिथ फ्लेचर यांच्या घरात भरली. हे घर म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा होता. मला लिहायचे आहे ते मुख्यतः या खड्ड्याविषयी.

थोडी पार्श्वभूमी सांगते. एप्रिल १८७७ मध्ये डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन व्यावसायिक आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक यांनी आणखी काही जणांना बरोबर घेऊन निकोडेमस टाउन कंपनी स्थापन केली. सात जणांच्या या मंडळात हिल सोडून बाकी सगळे कृष्णवर्णीय होते. १८६२ च्या होमस्टेड कायद्याप्रमाणे पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळत असत, आणि याच आधारावर केंटकी राज्यातल्या माणसांना पत्रके वाटून इकडे बोलावण्यात आले. सप्टेंबर १८७७ मध्ये लेक्झिंग्टनच्या परिसरातून तीनशेच्या आसपास लोकांचा पहिला मोठा जथा निघाला. रेल्वेने एलिसपर्यंतच येता येत होते. तिथून पुढे सुमारे ५५ किलोमीटर उघड्या माळावरून पायी आणि गाड्यांनी जायचे होते.

समोर गाव नव्हतेच. पुढच्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांनी उतारवयात सांगितलेली आठवण नोंदलेली आहे. निकोडेमस कुठे आहे, मला तर काहीच दिसत नाही, असे त्यांनी विचारले, तेव्हा नवऱ्याने जमिनीतून ठिकठिकाणी वर येणारा धूर दाखवला आणि तेच निकोडेमस असल्याचे सांगितले. त्या रडू लागल्या. पहिल्या जथ्यातली कित्येक कुटुंबे तर ते दृश्य पाहून आल्या पावली परतली.

या प्रेअरीत झाडे फक्त ओढ्यानाल्यांच्या काठी असल्यामुळे बांधकामाला लाकूड नव्हते. म्हणून उताराच्या पोटात खणायचे, समोरची उघडी बाजू दगडांनी किंवा मातीच्या लाद्यांनी बुजवून तिथे दार ठेवायचे, वर काटक्या-फांद्या टाकून त्यांच्यावर मुळांसकट कापलेली गवताची ढेकळे रचायची आणि धुरासाठी एक भोक सोडायचे, अशी घरे बांधली गेली. त्यांना तिकडे डगआउट म्हणतात. अशा घरात वरून सतत माती गळते, म्हणून माळावरच्या बायका छताखाली जुने कापड ताणून बांधत असत आणि पाऊस झाला की त्या कापडाला चिखलाचे पोट सुटत असे. उजेड दारातून येईल तेवढाच. जळणाला सूर्यफुलाचे वाळके दांडे आणि रानरेड्यांच्या शेणाच्या वाळलेल्या गोवऱ्या. नांगराला जनावरे नाहीत, म्हणून पहिल्या वर्षी अनेकांनी जमीन कुदळ-फावड्याने उकरली.

जेनी फ्लेचर या टाउन कंपनीचे अध्यक्ष स्मिथ यांची कन्या. पती झॅकरी यांच्याबरोबर त्या जुलै १८७७ मध्येच, म्हणजे मोठा जथा येण्यापूर्वी, इथे आल्या होत्या. गावचे टपाल त्यांनी पाहिले आणि गावची पहिली शिक्षिकाही त्याच झाल्या. ज्या खोलीत चूल, अंथरुणे, पाण्याचे पिंप आणि टपालाच्या पिशव्या, त्याच खोलीत त्यांनी मुले बसवली.

मला सर्वांत अस्वस्थ करून गेला तो एक साधा हिशेब. लिंकन यांची १८६३ ची मुक्तीची घोषणा केंटकीला लागू नव्हती, कारण ते राज्य संघराज्यातून फुटले नव्हते. तिथली गुलामगिरी संपली ती तेराव्या घटनादुरुस्तीने, डिसेंबर १८६५ मध्ये. म्हणजे १८७७-७८ च्या हिवाळ्यात केंटकीहून आलेले जे मूल बारा वर्षांपेक्षा मोठे होते, ते जन्मले तेव्हा कायद्याने कुणाच्या तरी मालकीचे होते, आणि त्याच्या शेजारी बसलेले त्याचे धाकटे भावंड जन्मतः मुक्त होते. दोघे बहुधा एकाच पाटीवर एकच मुळाक्षर गिरवत असणार. त्यांच्या आई-वडिलांपैकी बहुतेकांना ते अक्षर ओळखता येत नव्हते.

अन्नाची भ्रांत असलेल्या त्या हिवाळ्यात या लोकांनी शाळा पुढच्या वर्षावर ढकलली असती तर त्यांना कुणी नावे ठेवली नसती. त्यांनी ती ढकलली नाही. इमारत, फळा, घंटा, सरकारी मान्यता यांपैकी काहीच नसताना शाळा सुरू झाली होती, आणि माझ्या मते निकोडेमसच्या शाळेचा स्थापनादिन त्या घरात शोधायला हवा, पुढे बांधलेल्या इमारतीच्या पायाभरणीत नव्हे. तुम्हां सर्वांचे मत वाचायला आवडेल.

तांबडमाती

लेख फार आवडला. एक शंका आहे. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना वाचायला शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता असे वाचले आहे. केंटकीतही तसेच होते का? आणि मुक्तीनंतरची बारा वर्षे ही माणसे तिथेच होती, तर मग तिथे शाळा का मिळाल्या नाहीत?

पाटीपेन्सिल

तांबडमाती, प्रश्न महत्त्वाचा आहे. व्हर्जिनिया, जॉर्जिया, दक्षिण कॅरोलिना वगैरे राज्यांत असे कायदे होते. केंटकीत मात्र अशी कायदेशीर बंदी नव्हती. अर्थात बंदी नसणे आणि संधी असणे यांत फार अंतर आहे. मालकाच्या मर्जीने एखाद्याला चार अक्षरे येत, बाकीच्यांना नाही.

मुक्तीनंतर काही वर्षे फ्रीडमन्स ब्युरोने, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांना मदत करणाऱ्या सरकारी खात्याने, आणि चर्चांनी शाळा चालवल्या. १८७४ मध्ये केंटकीने कृष्णवर्णीय मुलांसाठी स्वतंत्र शाळांची व्यवस्था कायद्याने केली, परंतु तिचा खर्च केवळ कृष्णवर्णीयांकडून गोळा होणाऱ्या करांतून भागवायचा, अशी तिची रचना होती. ज्यांच्याकडे नऊ वर्षांपूर्वी स्वतःचा देहसुद्धा नव्हता, त्यांच्या मालमत्तेवरच्या करातून शाळा किती चालणार? हे लोक जमिनीसाठी निघाले हे खरेच, आणि १८७७ मध्ये दक्षिणेतली संघराज्याची फौज मागे घेतली गेल्यावर वातावरणातली भीती वाढली हेही खरे. परंतु आपल्या मुलांची शाळा आपल्या हातात असावी ही ओढही त्यांच्या निघण्यात होती, असे मला वाटते.

बांधावरची बाभळ

मी एकेकाळी वस्तीशाळेवर निमशिक्षक होतो, त्यामुळे हा लेख वाचताना माझे मन सारखे आमच्या वस्तीवर जात होते. गाव तीन किलोमीटर दूर आणि मध्ये ओढा, म्हणून वस्तीवरच शाळा मंजूर झाली. मंजुरीच्या कागदावर जागेचा रकाना होता आणि त्यात आम्ही लिहिले, ‘पडवी’. एका शेतकऱ्याच्या गोठ्याला लागून असलेल्या त्या पडवीत आम्ही चार वर्षे वर्ग भरवला. एका बाजूला म्हशी रवंथ करत आहेत आणि दुसऱ्या बाजूला पाढे चालले आहेत, हे चित्र आजही डोळ्यांसमोर आहे. पावसाळ्यात म्हशींना आत घ्यावे लागे, तेव्हा मुले सरकून सरकून भिंतीला चिकटत.

दोन खोल्यांची पक्की शाळा झाली तेव्हा सभापतींच्या हस्ते फीत कापली गेली आणि संगमरवरी पाटीवर तीच तारीख कोरली गेली. आधीची चार वर्षे त्या पाटीवर नाहीत. ज्या घराने पडवी दिली त्या घरातल्या आजींना त्या दिवशी बसायला खुर्चीही कुणी दिली नव्हती, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. म्हणून स्थापनादिन कुठे शोधायचा याविषयी आपण जे लिहिले आहे, त्याला माझी मनापासून सहमती आहे.

माझा प्रश्न व्यवहाराचा आहे. जेनीबाईंच्या घरातली शाळा पुढे नियमित कशी झाली? पैसा कुठून आला? पगार कोण देत होते?

गोदाकाठ

याचे उत्तर द्यायचा प्रयत्न मी करतो, कारण अमेरिकेच्या जमीन-मोजणीच्या पद्धतीचा मी थोडा अभ्यास केला आहे. तिकडे सरकारी जमीन मोजताना सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा चौकोन पाडत, त्याला टाउनशिप म्हणत. त्याचे एकेक चौरस मैलाचे ३६ भाग होत आणि प्रत्येक भाग ६४० एकरांचा असे. १७८५ च्या अध्यादेशापासून यातला १६ क्रमांकाचा भाग शाळांसाठी राखून ठेवायची प्रथा पडली. कॅन्ससमध्ये १६ आणि ३६ असे दोन भाग शाळांसाठी होते. ही जमीन विकून आलेला पैसा राज्याच्या कायम शाळा-निधीत जाई आणि त्याचे व्याज शाळांना वाटले जाई.

हे ऐकायला उत्तम आहे, पण नव्या वस्तीला त्याचा लगेच उपयोग नव्हता, कारण माळावर जमिनीला भावच नव्हता. शाळेचा खरा भार स्थानिक करावर होता, आणि इथे एक विचित्र अडचण होती. होमस्टेडची जमीन पाच वर्षांनी पक्क्या कागदाने नावावर होईपर्यंत सरकारचीच मानली जाई, त्यामुळे तिच्यावर कर बसत नसे. म्हणजे शाळा सर्वांत जास्त हवी होती तेव्हाच गावात कर लावण्यासारखे जवळजवळ काही नसायचे. एखादी गाय, एखादी गाडी, एवढेच. त्यातून निकोडेमस ज्या ग्रॅहॅम काउंटीत (राज्याखालच्या प्रशासकीय विभागात) येते, तिचा कारभारच मुळी १८८० मध्ये सुरू झाला. त्यापूर्वी कागद घेऊन जायचे म्हटले तरी काउंटीचे कार्यालय नव्हते. तेव्हा बाभळ यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, सुरुवातीची शाळा चालली ती शिक्षिकेच्या कष्टांवर आणि आई-बापांच्या वस्तुरूप मदतीवर. माळावरच्या बहुतेक वस्त्यांत हेच घडले.

व्यवस्था बसल्यावर मात्र तिची घडण फार लोकाभिमुख होती. प्रत्येक शाळा-जिल्हा म्हणजे चार-सहा मैलांच्या टापूतली कुटुंबे. ती वर्षातून एकदा सभा घेत, संचालक, चिटणीस आणि खजिनदार असे तीन जण निवडत, आणि शाळा किती महिने चालवायची, शिक्षक कोण, कर किती, इमारत कुठे, हे तिथेच ठरे. निकोडेमसचा जिल्हा हा ग्रॅहॅम काउंटीतला क्रमांक १ आहे, आणि आजही त्या वास्तूचे अधिकृत नाव ‘स्कूल डिस्ट्रिक्ट नंबर १’ असेच आहे. शेजारी गोऱ्या वस्त्या होत्या हे लक्षात घेता या आकड्याचे मोल कळते.

उंबरा

गोदाकाठ यांच्या माहितीत एक भर घालते. कॅन्ससच्या कायद्याने १८६१ पासूनच स्त्रियांना शाळा-जिल्ह्याच्या सभेत मतदानाचा हक्क होता, म्हणजे अमेरिकेतल्या सर्व स्त्रियांना मताधिकार मिळण्याच्या जवळजवळ साठ वर्षे आधी. पुरुषांच्या बाबतीत १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वंशाची अट गेली होती. त्यामुळे निकोडेमसच्या शाळा-सभेत जेनी फ्लेचर किंवा विलियाना हिकमन यांना आपले मत मोजले जाईल या खात्रीने हात वर करता येत होता. गुलामगिरीत जन्मलेल्या बाईच्या आयुष्यातले पहिले मत शाळेसाठी पडावे, यापेक्षा मोठी गोष्ट मला तरी सुचत नाही.

सह्यवारा

चर्चा छान चालली आहे, पण एका शब्दाविषयी बोलायला हवे. अशा वस्त्यांना आपण सहज ‘पहिली वस्ती’ म्हणून जातो. ती जमीन रिकामी नव्हती. ज्यांच्या नावावरून कॅन्सस हे नाव पडले त्या कान्झा लोकांना १८७३ मध्ये, म्हणजे निकोडेमस वसण्याच्या अवघी चार वर्षे आधी, राज्याबाहेर आजच्या ओक्लाहोमात पाठवण्यात आले होते. ओसेज लोकांचेही १८७० नंतर तसेच झाले.

पाटीपेन्सिल

सह्यवारा, आपण हे मांडले ते बरे झाले; माझ्या लेखात ते यायला हवे होते. आणि याच ठिकाणी निकोडेमसची एक हकीकत सांगायची राहून गेली होती. पहिल्या हिवाळ्यात धान्य संपले, तेव्हा शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी आपल्या शिकारीतला वाटा या वस्तीला दिला, असे गावातल्या पिढ्यांनी जपून ठेवले आहे. त्या मुलांनी अक्षरे गिरवली ती काही अंशी या अन्नावर. ज्यांना नुकतेच आपल्या भूमीवरून उठवले होते त्यांनीच त्या भूमीवर नव्याने आलेल्यांना जेवू घातले. या गोष्टीपुढे मी नुसती स्तब्ध होते.

गोदाकाठ, उंबरा, आपल्या दोघांच्या माहितीने धागा समृद्ध झाला. बाभळदादा, त्या आजींची गोष्ट वाचून वाईट वाटले. त्यांचे नाव निदान शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या पहिल्या पानावर तुम्ही आपल्या अक्षरात लिहून ठेवा, अशी विनंती करते.

इमारतीविषयी थोडे लिहिते. झॅकरी फ्लेचर यांनी १८८० च्या सुमारास सेंट फ्रान्सिस हॉटेल उभारले, आणि घरातली शाळा व टपाल कचेरी जमिनीच्या पोटातून वर येऊन तिथे गेली. १८८० चे दशक हा गावाचा भरभराटीचा काळ. १८७८ मध्ये इथे आलेले एडवर्ड मॅकेब १८८२ मध्ये राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. १८८६ आणि १८८७ मध्ये गावात एकापाठोपाठ एक अशी दोन वृत्तपत्रे निघाली. दहा वर्षांपूर्वी ज्या वस्तीत बहुसंख्य लोकांना सही करता येत नव्हती, तिथे वृत्तपत्रांना वाचक होते, हे त्या खड्ड्यातल्या वर्गाचे फळ मानावे असे मला वाटते. याच दशकात दुमजली, चार वर्गखोल्यांची शाळा बांधली गेली.

मग रेल्वे हुकली. टाउनशिपने रेल्वेसाठी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर करूनही १८८८ मध्ये मार्ग नदीच्या पलीकडून गेला, दुकाने उठून तिकडच्या बोग या गावाला गेली आणि गाव उतरणीला लागले. तरीही जुनी शाळा आगीत गेल्यावर १९१८ मध्ये लोकांनी पुन्हा शाळा बांधली. ती आधीपेक्षा लहान बांधली, कारण मुले कमी झाली होती.

तांबडमाती

आणखी एक शंका. ही शाळा कृष्णवर्णीयांचीच होती. पुढे कॅन्ससमधूनच वेगळ्या शाळांविरुद्धचा गाजलेला ब्राउन खटला उभा राहिला. मग निकोडेमसची शाळा आणि तो खटला जिथून उभा राहिला त्या टोपीका शहरातली वेगळी शाळा यांत फरक काय समजायचा?

गोदाकाठ

फरक निर्णय कुणाचा होता यात आहे. १८७९ च्या कायद्याने कॅन्ससमधल्या फक्त मोठ्या, पहिल्या वर्गाच्या शहरांना प्राथमिक शाळा वेगळ्या ठेवायची मुभा होती. छोट्या गावांना ती नव्हतीच. टोपीकात गोऱ्यांच्या शिक्षण मंडळाने कृष्णवर्णीय मुलांना घराजवळची शाळा नाकारून दूरच्या शाळेत धाडले. निकोडेमसमध्ये आई-बापांनी स्वतःची सभा भरवून, स्वतः कर लावून, स्वतःच्या मुलांसाठी शाळा चालवली. तिच्या दारावर कुणाला मज्जाव करणारी पाटी नव्हती.

आणखी असे की, ब्राउन खटल्याच्या आधी, १८८१ ते १९४९ या काळात, कॅन्ससच्या सर्वोच्च न्यायालयात शाळांतल्या भेदभावाविरुद्ध अकरा खटले कृष्णवर्णीय पालकांनी लढवले होते. १७ मे १९५४ चा निकाल आकाशातून पडला नाही. त्या राज्यात पालकांना आपल्या मुलांच्या शाळेविषयी उभे राहून बोलायची जुनी सवय होती.

उंबरा

मराठी वाचकांसाठी एक दुवा नोंदवते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले, तेव्हा ते अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. त्यानंतर चार वर्षांनी ही मुक्त झालेली माणसे निकोडेमसला पोचली आणि हिवाळा लागताच शाळा उघडून बसली. पुण्यात १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंची मुलींची शाळा भरली तीही भिड्यांच्या वाड्यात, म्हणजे दुसऱ्याने दिलेल्या जागेतच. या दोन ठिकाणच्या माणसांना एकमेकांची नावेही ठाऊक नव्हती. तरी ते अर्पण योग्य माणसांना पोचले असे मला वाटते.

बांधावरची बाभळ

पाटीपेन्सिलताई, तुमचे ऐकले. काल जाऊन हजेरीपट काढून घेतला. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, पण पहिले पान शाबूत आहे. आजींचे नाव लिहिले. त्यांचा नातू आज तिथेच शिक्षक आहे, त्यालाच लिहायला लावले.

पाटीपेन्सिल

दादा, फार आनंद झाला.

निकोडेमसला जायचे असेल तर जुलैच्या शेवटी जा. मुक्तिदिनाच्या उत्सवासाठी गावाचे वंशज देशभरातून तेव्हा परत येतात. आम्ही गेलो त्या दिवशी शाळेसमोरच्या गवतात घडीच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि वारा इतका होता की एका वृद्ध बाईंनी आपली टोपी एका हाताने धरून ठेवली होती. माझ्या मुलीने त्यांना विचारले, तुम्ही या शाळेत शिकलात का? त्यांनी टोपी सोडून हातानेच खिडकी दाखवली, डावीकडून दुसरी, आणि म्हणाल्या, तिथे माझे बाक होते. टोपी मात्र उडाली, आणि माझी मुलगी तिच्यामागे रस्त्यापर्यंत धावत गेली.